काच नंबर एक

दुसरा डोळा मिटू नकोस, शाहिस्ता.
दोन्ही उघडे ठेवून एकानं बघायचं असतं,
पहिल्या महिन्यात कुणालाच जमत नाही.
आणि फोकस हळू. काच फुटली तर हिंदुराव येझरे
निवृत्त झालेत तरी भांडायला येतील
भवानी मंडपापासून चालत.

दिसला?
निळसर, मुरडलेला,
सही करता करता कुणी मध्येच उठून गेल्यासारखा.
अंगावर झिरझिरीत खोळ.
शेपटाच्या टोकात केंद्रकं नाहीत, तिथं रिकामं.
ते रिकामं लिहायचं. परीक्षेत त्यालाच मार्क आहेत.

हा दिवसभर फुप्फुसात दडून असतो.
रात्री दहानंतर कातडीखाली येतो,
डासांच्या जेवणाच्या वेळेला.
त्याला घड्याळ कुणी शिकवलं?
माझी तीन वर्षं या प्रश्नात गेली,
हाती एक निबंध आला, आठ पानांचा,
त्यातलं दीड पान आभार.

म्हणून आम्ही रात्रीच निघायचो.
जीपमध्ये स्पिरिट, सुया, कापूस,
काचांची लाकडी पेटी हिंदुरावांच्या मांडीवर,
नव्या सुनेचं ताट न्यावं तशी.
पंचगंगेचा पूल ओलांडून वडणग्याच्या अंगाला
एका गुऱ्हाळावर काहिलीत रस चढलेला,
चुलवाणात चिपाडं सारणारी माणसं
अक्कलकोटकडची.

"बोट द्या" म्हटलं की हात पाठीमागं जायचे.
निंगव्वा कानडीत काहीतरी बोलली, सगळे हसले.
मगदूम गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडून
बोटांनी चाचपत होता. मान वर न करता म्हणाला,
"बाई, आधी तुमचं काढा की.
आमचं रगात कुठं पळून चाललंय?"

मी अनामिका पुढं केली.
तीन थेंब, काचेवर गोल फिरवले,
खाली धरलेल्या पेपरची अक्षरं
जेमतेम वाचता येतील इतके जाड.
मगदूम वाकून बघत राहिला.
"हां," म्हणाला, "म्हंजे तुमच्यातबी गोळी बघूनच उतरायचं."

मग रांग लागली. सत्तेचाळीस बोटं.
निंगव्वा शेवटी आली, डावा हात दिला.
उजव्यात माझ्यासाठी गुळाचा खडा होता,
गरम, धूर लागलेला.

दुसऱ्या दिवशी काचा पाण्यात बुडवल्या, रंग चढवला.
निंगव्वा स्वच्छ. मगदूम स्वच्छ.
एकेक काच पालथी घालत संध्याकाळ झाली.
एक नंबरची शेवटी घेतली,
ती काय, नुसती दाखवायला काढलेली.

हिंदुरावांना हाक मारली.
त्यांनी बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं.
आणि काही न बोलता दोन चहा सांगून आले.

सोलापुरात गिरणीच्या मागं गटार होतं,
त्यावर आमची खिडकी.
आई संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करायची,
मला खोकला यायचा म्हणून लवकर विझवायची.

बारा दिवस गोळ्या, दोन रात्री ताप.
निबंधात लिहिलं:
एक रुग्ण, स्त्री, वय सव्वीस, लक्षणे नाहीत.
पाय अजून सारखे आहेत दोन्ही.
चप्पल घालताना बघते, एवढंच.

झालं तुझं? पुढच्याला जागा दे.

लेबलवर नाव नाही, तारीख आहे, तीही पुसट.
दर साली एखादं पोर विचारतंच.
गेल्या साली कुणी विचारलं नाही,
तेव्हा घरी जाताना उगाच चुकल्यासारखं वाटलं.

आज प्रज्वल कांबळेनं विचारलं,
डोळा भिंगावरून न काढता,
"मॅडम, ह्या पेशंटचं पुढं काय झालं?"

"आधी आकृती काढ," म्हटलं,
"आणि शेपटाचं टोक भरू नकोस."